पूर्ण वेढ्यांची स्प्रिंग

रोज सकाळी कॉफीच्या आधी मिलिसाव अंगणात जायचा, जुन्या युगो मोटारीच्या मडगार्डवर दोन्ही तळवे ठेवून गाडी दाबायचा, सोडायचा, आणि ती किती वेळा हलते ते मोजायचा. बायको होती तेव्हा म्हणायची, "माझी नाडी कधी अशी बघितली नाहीस."

बस डेपोतून निवृत्त झाल्यावर घाटातल्या हौशी मोटारशर्यती हेच त्याचं जग झालं. हिवाळ्यात त्याने पुढच्या स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे ग्राइंडरने कापले होते. गाडी बुटकी झाली की वळणाला चिकटून पळते, हे क्रागुयेवाच शहरात शेंबडं पोरही सांगेल. पण शुक्रवारी जॅक लावला, तर स्प्रिंग जागेवरच खुळखुळली. रविवारी शर्यतीआधी, सकाळी सातला, तपासनीस पहिलं तेच बघणार आणि गाडी बाद करणार. पुढच्या वर्षी डॉक्टर शर्यतीचा दाखला देणार नव्हता, ही शेवटचीच. आणि दुकानात नव्या स्प्रिंगा येणार बुधवारी.

शनिवारी एक स्प्रिंग नमुन्याला पिशवीत घालून तो रादेंकोच्या भंगारवाड्यात पोचला. वाड्यालगतचं त्याचं घर पाहुण्यांनी भरलेलं. आज संत जॉर्जचा दिवस, रादेंकोच्या घराण्याचा संत, हे तो साफ विसरला होता.

"आलास! बाटली आणलीस ना?" रादेंकोने पिशवीत हात घातला आणि स्प्रिंग वर काढली. सगळं टेबल हसलं.

"अशा दोन हव्यात रे. पूर्ण वेढ्यांच्या. आजच."

"आज मी लोखंडाला हात लावत नाही, विकतही नाही. बस."

मिलिसाव बसला. सणाचा उकडलेला गोड गहू त्याने चमचाभर कसाबसा खाल्ला. टेबलाखाली त्याचा पाय हलायचा थांबेना.

"टेबलाला इंजिन लावलंस काय?" पाहुण्यांमागे उभा राहून खिमा भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्या वाढणारा रादेंको म्हणाला.

त्याची बायको कोसारा मध्ये पडली. "अहो, संत आपला आहे, त्यांचा नाही. त्यांचे हात मोकळे आहेत की!"

रादेंको छताकडे बघत म्हणाला, "मी काही ऐकलं नाही. नटांचे पाने शेडमध्ये आहेत."

अक्रोडाच्या झाडामागे एक पांढरी युगो गंजत पडली होती. पाव तासात चाक निघालं. मिलिसावने आत हात घालून वेढे चाचपले. बोट टोकाशी थांबलं. टोक सपाट कापलेलं होतं, ग्राइंडरने निळसर जळलेलं. त्याने घाईघाईने दुसरं चाक काढलं. तिथली स्प्रिंगही तशीच कापलेली.

तो गवतात बसून राहिला. मग दोन्ही चाकं परत लावली, नट नीट आवळले, हात धुतले आणि आत आला. रादेंकोने खुर्ची पुढे ओढली.

"कोसारावहिनी," मिलिसाव म्हणाला, "कोबीच्या गुंडाळ्या उरल्यात का दोन?"