धोंडीसाठी नेलेली माझी बेडकं

मालक वारले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. वर्ष भरायच्या आत सासरच्यांनी मला खटकचिंचोळीला भावाच्या घरी आणून सोडलं. आई-वडील आधीच गेले होते. अण्णानं जेवण दिलं, परसाकडची एक खोली दिली. पण घरात काही चांगलं निघालं की त्या खोलीचं दार बाहेरून लोटून घेतलं जाई. शेजारच्या पोरीला पाहायला पाहुणे आले तरी मला निरोप यायचा, "थोडं आतच बस." भावकीत सगळ्यात मोठे एक अप्पा होते, गल्ली त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे. शेताला निघताना मी समोर दिसले तर ते पायातल्या वहाणा काढून घरात परत जात आणि पाणी पिऊन पुन्हा निघत. मला दिसेल असंच करत.

ढोरांचं पाणी माझ्याकडे होतं. परसात आड होता, आडाला लागून दगडी हौद. मिरगाची एक सर येऊन गेल्यावर हौदाच्या आतल्या कडेला, पाण्याच्या वीतभर वर, पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला दिसला. उतू जाणाऱ्या दुधासारखा, पण हाताला चिकट. वहिनी करजगीची, माहेरी सगळं कानडी. ती लांबूनच म्हणाली, "कुणी करणी केलीय काय की. पुसून टाक."

मी पुसला नाही, कारण त्याच्या बाजूला दगडाला एक पिवळसर बेडकी पाय पोटाशी घेऊन बसली होती. बोटांच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल चकत्या. तळ्यातल्या बेडकांना त्या नसतात. ही झाडावर, भिंतीवर चढणारी जात.

काही दिवसांनी फेस विरला आणि त्यातून काळी पिल्लं खालच्या पाण्यात गळायला लागली. म्हैस तोंड घालून पाणी ओढायची, तिच्या घोटाबरोबर ती जायची. मग मी तांब्यानं जितकी निघाली तितकी काढून फुटक्या काठाच्या रांजणात टाकली. त्यांना हौदाचं शेवाळ घालायची, राजगिऱ्याचं पान उकडून चुरून घालायची. जास्त घातलं की पाणी नासायचं आणि पिल्लं वर पोट करून तरंगायची. हे मला कुणी शिकवलं नाही, मरणाऱ्या पिल्लांनी शिकवलं. आधी मागचे पाय आले, मग पुढचे. शेपूट आटायला लागलं तशी ती वर येऊन धडपडायला लागली, म्हणून रांजणात एक काटकी तिरपी ठेवली. तिच्यावरून ती चढून यायची. नखाएवढी बेडकं, शेपटाचा जरासा शेंडा अजून मागं.

शेवटी सात जगली. रुंद तोंडाच्या मडक्यात ओला पाला घालून, वर जुन्या धोतराचा तुकडा बांधून मी ती खोलीत ठेवली. मेलेलं ती खात नाहीत, हलेल तेच खातात. मडक्यात आंब्याची कोय ठेवली की चिलटं जमायची, ती ही टिपायची. कधी भिंत खरवडून वाळवी आणायची. मिरच्या कुटल्यावर राखेनं हात घासल्याशिवाय मडक्याला शिवत नव्हते, आणि उचलायची झाली तर आधी हात ओला करायचा, त्यांच्या पातळ कातड्याला तिखट की कोरडा हात सोसत नाही. संध्याकाळी फडकं सोडलं की ती एकेक करून कुडावर चढायची. मी सोबत बसायची. बोलायला कुणी यायचं नाही, तेव्हा मी त्यांच्याशी बोलायची, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आषाढ कोरडा गेला. तुरी माना टाकायला लागल्या. गावानं धोंडी काढायची ठरवली. म्हणजे लिंबाच्या डहाळ्यांत बेडूक बांधून मुसळाला लटकवायचा, दारोदार न्यायचा, बायांनी वरून पाणी ओतायचं, की पाऊस येतो. पण तळं आटलेलं, बेडूक गावात कुठं मिळेना. वहिनी कुणापाशी तरी बोलून गेली असावी. एका सकाळी अप्पा चौघांना घेऊन आमच्या परसात उभे राहिले. माझ्याशी ते कधी बोलले नव्हते.

"तुझ्यापाशी बेडकं हायत म्हणं," ते म्हणाले.

"हायत. पर लहान हायत. उन्हात वाळून मरतील."

"गावाचं काम हाय, पोरी."

पोरी म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "अप्पा, माझ्या हातचं कुंकू चालत न्हाई, हळद चालत न्हाई. मी वाढवलेली बेडकं कशी चालायलीत?"

त्यांनी हात झटकला. मग म्हणाले, "जनावराला कसला आलाय विटाळ."

मी दारात आडवी उभी राहिले. तेवढ्यात अण्णा आला. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घ्या तुम्ही," तो त्यांना म्हणाला, "तिचं काय मनावर घेताव." आणि स्वतःच्या हातानं मडकं उचलून त्यांना दिलं. त्यांनी सातही बेडकं कोरड्या हातांनी काढली, ओल्या चिंधीत गुंडाळली, वर डहाळ्या बांधल्या आणि वाजत गाजत निघाले. बायांचं पाणी वरच्या पाल्यावरूनच ओघळून जाणार आणि आतली चिंधी वेशीपर्यंत वाळणार हे मला दिसत होतं.

मी पदर खोचला आणि बाहेर पडले. भर सकाळी, गावाच्या मधोमध, उघड्या कपाळानं. मागून जाऊन उपयोग नव्हता, म्हणून बोळातून पळत पुढं गेले आणि मारुतीसमोर गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. धोंडी थांबली. हलगी वाजवणारा थांबला. विधवा आडवी आली, आता पुढं कोण पाऊल टाकणार.

"कामून आडवी आलीस?" कुणीतरी ओरडलं.

"बेडकं द्या, बाजूला होते."

ते वळून दुसऱ्या गल्लीनं निघाले. मी त्या गल्लीच्या तोंडाशी गेले. मग तिसऱ्या. आजवर मला ज्या कारणासाठी कोंडलं, तेच घेऊन मी गावभर उभी राहिले. दारांत भरल्या घागरी घेऊन बाया थांबल्या होत्या. काहींनी मला शिव्या दिल्या. शेवटी अप्पांनी मुसळावरचं गाठोडं ओढून काढलं आणि माझ्या पायाशी टाकलं. "घे," म्हणाले, "आन् तोंड काळं कर."

मी तिथंच बसून चिंधी सोडली. चार मेली होती. एकीचा पाय गाठीत तुटला होता. एका बाईनं, नाव सांगत नाही, घागर माझ्या ओंजळीवर वाकवली. उरलेली तीन मी ओंजळीतच घरी नेली. पाय तुटलेली दुसऱ्या दिवशी गेली. दोन राहिली. भादव्यात त्यांच्या पाठीवर ठिपके दिसायला लागले, तेव्हा मी फडकं बांधणं सोडून दिलं. ती आडावरच्या उंबरावर राहायला गेली.

पाऊस आणखी आठ-पंधरा दिवस लांबला. गाव म्हणायचं, तिनं धोंडी अडवली म्हणून. मग तो आला, चांगला आला, तेव्हा तेच गाव म्हणायला लागलं, अर्धी का होईना धोंडी निघाली होती म्हणून. यातलं काहीही घ्या, बेडकं माझी मेली. अण्णा महिनाभर बोलला नाही. मग एके दिवशी जेवताना म्हणाला, "एवढं काय त्यात?" मी वाढायचं सोडून, त्याच्या पुढ्यातलं ताट तसंच ठेवून उठले. त्या दिवाळीत माझं दार कुणी लोटलं नाही, लोटलं असतं तर मी ते उघडून बाहेर आले असते, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

आता भाचरं मोठी झाली, शिकली. हे ऐकलं की म्हणतात, आत्या, तुझा राग काही बेडकांवरून नव्हता, तो तुझ्या सगळ्या हालांचा होता. असेल. पण मला बरं वाटावं म्हणून असं म्हणू नका. मी त्या बेडकांना पान उकडून घातलं होतं, त्यांच्यासाठी भिंती खरवडल्या होत्या. राग बेडकांचाही होता, आणि अजून आहे.