आवरलेला हॉल

अलार्म नीट चालत असला की अलार्मवाल्याला कुणी विचारत नाही. उगाच वाजला, की मात्र त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. फारुखला हे पाठ होतं. द्वारका चौकाजवळच्या गाळ्यात बसून तो घरफोडीचे अलार्म विकायचा, घरोघरी जाऊन बसवायचा आणि बिघडले की पुन्हा जिने चढायचा. हाताने चोख, तोंडाने फटकळ. गिऱ्हाइकासमोर तो फटकळपणा गिळायचा आणि स्कूटर सुरू झाली की हेल्मेटच्या आत सगळा बाहेर काढायचा. गेले काही दिवस हेल्मेटच्या आत एकच घर होतं, मखमलाबादच्या पुढचं कलाबाईंचं.

कलाबाई एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, झेंडूचा मळा त्याच बघायच्या. वस्तीवर चोऱ्या झाल्या तेव्हा पुण्याच्या मुलाने, ओमने, हट्टाने अलार्म बसवून घेतला. घर बंद असताना हॉलमध्ये माणूस हलला, की कोपऱ्यातल्या मोशन सेन्सरने ओळखायचं आणि भोंगा वाजायचा. दसरा जवळ आला तसा तो भरदुपारी रिकाम्या घरात वाजायला लागला. पहिल्यांदा शेजारी काठ्या घेऊन धावले. पुढे पुढे कुणी मानही वळवेना.

कलाबाईंना घाई होती. कळवणला दिलेली लेक, सुवर्णा, दिवस भरत आलेली. डॉक्टरने तिला हलायचं नाही म्हणून सांगितलेलं, घरात सासू नाही. आईनेच जायला हवं होतं.

"फारुखभाऊ, घर बंद करून गेले तर चालंल का?" त्यांनी पहिल्याच खेपेला विचारलं.

"मावशी, हा नीट झाल्याशिवाय घर सोडू नका. खरा चोर आला तरी आता कुणी धावणार नाही. दोन दिवस द्या मला."

कलाबाई थांबल्या.

फारुखने सेन्सर उघडला. पाल नाही, कोळी नाही, बॅटरी ठणठणीत. खिडकीतून ऊन येतं का बघितलं, पडदा बांधून ठेवला, छताचा पंखा जाताना बंद करा म्हणून बजावलं. हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून बघितलं. तो चालला की लाल दिवा लागायचा, थांबला की विझायचा. एखाद्या शहाण्या पोरासारखा सेन्सर वागत होता. "घरात दुसरं काही हलतं का?" त्याने विचारलं. "काय हलणार? रिकामं घर हाय," कलाबाई म्हणाल्या. हॉल खरंच आरशासारखा स्वच्छ होता. मध्ये सतरंजी, सतरंजीवर चहा.

तो गेला आणि दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला.

मग त्याने सेन्सर बदलला. नवाही वाजला. हॉलमधला आतल्या खोलीत आणि आतल्या खोलीतला हॉलमध्ये लावून बघितला, तर आतला गप्प आणि हॉलमधला पुन्हा बोंबलला. दोष सेन्सरचा नाही, हॉलचा आहे, हे तिथेच उमजायला हवं होतं. पण चिडलेल्या माणसाला उमजत नाही. त्याने अजून भारीतला सेन्सर आणून लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसे बिचारे चांगले सेन्सर एकामागून एक डब्यात जात होते. दरवेळी कलाबाईंचं तेच: "मग जाऊ का मी?" आणि त्याचं तेच: "थोडं थांबा मावशी." पुढे पुढे त्यांचा फोन आला की तो चार रिंगा वाजू देऊन मगच उचलायचा.

त्या दिवशी तो मखमलाबादला दुसऱ्याच कामाला आला होता. परतताना रस्त्यावरच त्याला भोंगा ऐकू आला. कलाबाईंचाच. तो न कळवता तसाच वळला. कलाबाई मळ्यातून धापा टाकत आल्या, कुलूप उघडलं, भोंगा बंद केला, आणि फारुख दारातच उभा राहिला.

हॉलभर झेंडू. सकाळी तोडलेला ढीग कंबरेएवढा, त्यावर ओलं पोतं, आणि समोर मान फिरवणारा टेबलफॅन. फुलं ढिगात उबतात, म्हणून गाडी येईपर्यंत वारा लावून ठेवायची त्यांची पद्धत. फॅनची मान तिकडे वळली की गार पोत्याचं टोक उडायचं, खालचा गरम ढीग उघडा पडायचा, पुन्हा झाकायचा. सेन्सरला उष्णता हलताना दिसली की तो माणूसच समजतो.

"मावशी, हे मला आधी का नाही दाखवलं?" या वेळी फटकळपणा गिळला गेला नाही. "मी डोकं फोडून घेतलं इथे."

"तुमी येणार म्हटलं की आवरून ठेवायचे," कलाबाई गोंधळून म्हणाल्या. "फुलं गोठ्यात हलवायचे, झाडून काढायचे. आलेल्या माणसाला पसाऱ्यात कसं बसवायचं? पंखा बंद ठेवा म्हणला, वरचा रोज बंद केला बघा."

फारुखने फॅनचं बटण बंद केलं. कारण सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. त्याला नुसता संताप येत होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

"म्हंजे फुलं नसली तर वाजत नाय?"

"नाही वाजणार."

कलाबाईंनी ढिगाकडे बघितलं. "मी कळवणला गेले असते ना, तर मळ्यातला गडी, बारकू, तिथूनच माल बाजारात नेणार होता. घरात एक पाकळी आली नसती."

फारुखने उडालेलं पोतं ढिगावर नीट ओढलं.

"सुवर्णाला परवा मुलगी झाली," त्या म्हणाल्या. "शेजारणीनं नेलं दवाखान्यात. फोनवर लय रडली. म्हणली, आई, तू का नाय आली. मी म्हणलं, फारुखभाऊ थांबा म्हणले."

त्यांनी एक शिवी हासडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण कलाबाईंनी पदर खोचला, दोन्ही हातांनी फुलं बाजूला सारून भिंतीशी माणसापुरती जागा केली आणि तिथे सतरंजी टाकली.

"बसा. च्या टाकते. पसारा हाय थोडा."