बैठकीत कापूस, पडद्यावर वीस फ्रेम

चूक झाली की ती आधी दुसऱ्याच्या माथी मारायची, हा माझा जुना स्वभाव. लहानपणी ठेच लागली तरी मी दगडालाच लाथ घालायचे. त्यामुळे त्या हिवाळ्यात माझा गेम ऐन मोक्याला अडकायला लागला, तेव्हा दोष कुणाकुणाला द्यायचा याची यादी माझ्याकडे तयारच होती.

वालूरला घरी राहून मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते आणि अभ्यासातून उठले की बंदुकीचा गेम खेळत होते. आमची पाच जणांची टीम. कॅप्टन परभणीत कॉलेजला, माझ्याहून चार वर्षांनी लहान. मला ताई म्हणायचा आणि खेळात मात्र सासूसारखा वागायचा. लांबून नेम धरून टिपायचं काम माझ्याकडे होतं. श्वास रोखून बसायचं आणि समोरचा भिंतीआडून अर्धा दिसला की उडवायचा. त्या क्षणाला जो आनंद होतो, तो मला परीक्षा पास होऊनही झालेला नाही.

माझा कॉम्प्युटर सेकंदाला एकशे चाळीस फ्रेम दाखवायचा, म्हणजे एकामागून एक तेवढी चित्रं, अगदी सरळ धारेसारखी. दिवाळीनंतर एके दिवशी खेळता खेळता तो आकडा धाडकन वीसवर आला. समोरचा माणूस इथे दिसायचा, मग एकदम तिथे, आणि मधल्या वेळात मी मेलेली असायचे.

"अडकलं," मी माईकवर सांगायचे. पहिल्यांदा सगळे हळहळले. पाचव्यांदा ती हळहळही आटली. शेवटी कॅप्टन म्हणाला, "ताई, दर टायमाला तुझंच कसं काय अडकायलंय? रविवारी मोठ्या स्पर्धेच्या निवडीचा सामना हाय. तिथं अडकलं तर तुझ्या जागी मी दुसरा घेणार. पोरं म्हणायलेत, नेम चुकला की ताई अडकलं म्हणती."

मी त्याच्यावर असा आवाज चढवला की आई चुलीपुढून उठून आली. पण राग एवढा का आला, ते मला ठाऊक होतं. त्यातल्या दोन वेळा काहीच अडकलं नव्हतं. मी सरळसरळ चुकले होते आणि तरी "अडकलं" म्हणाले होते. "नाचता येईना अंगण वाकडं," आई म्हणाली आणि परत गेली. तिला गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण लेक कळते.

सोमवारपासून मी मशीनच्या मागे लागले. गेमची चित्रं कमीत कमी दर्जावर आणली. जुनं ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकलं, नवं टाकलं, परत जुनं टाकलं. व्होल्टेजवर संशय घेतला. परभणीच्या ज्या दुकानदाराने कॉम्प्युटर जोडून दिला होता, त्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, आत कचरा गेला असंल, एकदा खोलून बघा." मी भडकलेच. आमच्या घरात आई दिवसातून तीनदा झाडते, असं ऐकवून मी फोन ठेवला.

शनिवारी दुपारी लाइट गेली आणि तासाभराने आली. मी गेम लावला तर काय, एकशे चाळीस. मख्खन. दहा मिनिटं मी हवेत होते. मग पुन्हा वीस. तिथेच डोक्यात काहीतरी टकटकलं. मशीन थंड असतं तेव्हा पळतं. म्हणजे तापल्यावर दम तोडतं.

मी तापमान दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर चालू केलं आणि एक डोळा त्यावर ठेवून खेळायला लागले. साठ. ऐंशी. नव्वद. सत्त्याण्णवला आकडा टेकला आणि त्याच क्षणी फ्रेम वीसवर. मी खुर्चीवरून उडालेच. सहा दिवसांनी चोर सापडला होता. जळून जाऊ नये म्हणून प्रोसेसर स्वतःच हळू होत होता. पण त्याला थंड ठेवणारा आतला पंखा तर फिरत होता, मग एवढा तापत का होता?

वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या फवारणी पंपाच्या पेटीतला पेचकस आणून मी बाजूचा पत्रा काढला. पंख्याखाली हवा जायला पातळ पट्ट्या असतात, तिथे एकही फट दिसत नव्हती. सगळा पांढरा थर. मी बोटाने ओढला तर लांबच लांब निघाला. कापूस.

मी मागे वळून पाहिलं. वेचणीचा कापूस बैठकीत पार आढ्याला टेकला होता आणि माझं टेबल त्याच्या बुडाशी कोपऱ्यात. आमच्याकडे दिवाळीनंतर घरात कापूस असणं इतकं नेहमीचं, की मला तो दिसतच नव्हता. आई दिवसातून तीनदा झाडायची आणि तीनदा त्याचे तंतू उडायचे. काखेत कळसा नि गावाला वळसा. आणि अण्णा तर लगेच विकायला निघाले होते. "थांबा, भाव वाढंल," असं छाती ठोकून सांगणारी मीच.

जुन्या दाढीच्या ब्रशने मी एकेक फट मोकळी केली. आई शेजारी बसून निघालेला कापूस हातात घेत होती. पाहते तर तिची बोटं आपोआप वाती वळायला लागलेली.

"अगं, मशीनमधला हाय तो," मी म्हणाले.

"मग काय झालं? आपल्याच रानातला हाय," ती म्हणाली.

संध्याकाळी तापमान पासष्टच्या वर जाईना. मी आईला उचलून गिरकी घेतली.

रविवारी टेबल स्वयंपाकघरात हलवलं. फोडणीचा धूर नको म्हणून आईने कालवण पुढे ढकललं आणि अण्णांनी तक्रार न करता ठेचा-भाकरी खाल्ली. तीनपैकी दोन मॅच जिंकायच्या होत्या; पहिली आम्ही जिंकलो. दुसरीच्या शेवटच्या फेरीत आमच्याकडून एकटी मी उरले, त्यांच्याकडून एक जण. ही फेरी जिंकली की निवड पक्की. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा एकशे चाळीस. तो भिंतीआडून अर्धा दिसला. मी गोळी सोडली. गोळी भिंतीला लागली. त्याने मला टिपलं.

मग कॅप्टनने हळूच विचारलं, "अडकलं का, ताई?"

सबब त्यानेच माझ्या हातात दिली होती. या वेळी सगळ्यांनी मानलीही असती. "हो" इतकंच म्हणायचं होतं.

"न्हाई," मी म्हणाले. "मशीन बरोबर चालायलंय. मी चुकले."

आता जागा गेली, असं मी धरूनच चालले.

"बरं," कॅप्टन म्हणाला. "तिसऱ्या मॅचला बी लांबचा नेम तूच धर. त्यांचा गडी उजवीकडूनच निघायलाय, ध्यान दे."

मला इतका आनंद जिंकूनही कधी झाला नव्हता. घामेजलेला तळवा ओढणीला पुसून मी माऊस धरला.