घोडा घेऊन शियालदाला

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझ्या नवऱ्याची कलकत्त्याला बदली झाली. केंद्र सरकारची नोकरी, डमडमला भाड्याच्या दोन खोल्या, मुलगी शाळेत जाणारी. ती आणि हे घराबाहेर पडले की मला घर खायला उठायचं. आमटीला फोडणी देतानाच माझं अर्धं लक्ष चपलांकडे असे.

लोकलनं शियालदा, तिथून ट्रामनं एस्प्लनेडचा बाजार. काम काहीच नसायचं. फुटपाथवर चावीची पत्र्याची खेळणी मांडलेली असत. त्यातला एक बेडूक मुलीसाठी आणला. तिनं तो दोनदा उडवला आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. मी मात्र संध्याकाळभर चावी देत जमिनीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. या वेळी मुलीचं निमित्तही नव्हतं.

मग ते थांबेचना. ढोल वाजवणारी अस्वलं, मातीच्या बाहुल्या, लाकडी घुबडं. शिवाय सर्कशीची हँडबिलं, दुर्गापूजेच्या मांडवातले बिल्ले, रिकामे बिस्किटांचे डबे. कपाट भरलं, पलंगाखालची जागा भरली, मग स्वयंपाकघरातली वरची फळी. मुलगी मैत्रिणींना घरी आणायची बंद झाली. "सगळ्या विचारतात, तुझी आई खेळते का म्हणून," ती म्हणाली. लहानपणी खेळणी मिळाली नसतील, असं लोक माझ्याबद्दल बोलत. ते खरं नव्हतं. मला भरपूर खेळणी होती. ह्यांनी एकदाच विचारलं, "अगं, हे सगळं कोणासाठी?" मी म्हटलं, "असू दे, पुढे उपयोगी पडेल." दुसरं काय सांगणार?

तेव्हा देश सोडून निघालेल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांचं सामान रविवारी लिलावाला येई. तिथे मला एक झुलता घोडा दिसला. खऱ्या केसांची आयाळ, एक कान तुटलेला. माझ्याशिवाय कोणी हातच वर केला नाही. घोडा हातरिक्षात घातला, त्याच्या मानेला हात घालून मी बसले आणि शियालदाकडे निघाले.

बहुबाजारच्या पुढे एका गल्लीत धडाधड दुकानांची शटर्स पडायला लागली. मागोमाग बाँबचा आवाज, मग दुसरा. नक्षलवाद्यांच्या त्या वर्षांत हे नवं नव्हतं, पण मी कधी एकटी सापडले नव्हते. रिक्षावाल्यानं मला आणि घोड्याला एका दारात उतरवलं. त्यालाही जीव होता. तो रिक्षा ओढत पळाला.

दार किलकिलं झालं. लुंगी नेसलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "भितोरे आशुन, दिदी!" आत या म्हणतात एवढं मला कळत होतं. घोडा त्यांनीच आत ओढला आणि कडी लावली. बायकोनं पाणी दिलं. बाहेर कोणीतरी पळत गेलं, मग पोलिसांची गाडी. आम्ही तिघं त्या घोड्याकडे बघत बसलो.

"कोणासाठी?" त्यांनी बंगालीत विचारलं.

मुलीसाठी, असं तोंडाशी आलं होतं. पण भीतीनं म्हणा, कशानं म्हणा, मी म्हटलं, "आमार जोन्नो." माझ्यासाठी.

ते हसले नाहीत. बायको म्हणाली, "मग बसून बघितलंत का?"

मी बसले नव्हते. इतक्या वर्षांत एवढं जमवलं, पण परक्या माणसांसमोर कशाशी खेळले नव्हते. मी उठले, निऱ्या गोळा केल्या आणि बसले. घोडा कुरकुरला, पण झुलला. बाहेर आणखी एक आवाज झाला आणि मी झुलतच राहिले. म्हातारीनं तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते तिचे. मलाही हसू आवरेना.

दिवेलागणीला रस्ता मोकळा झाला. त्या गृहस्थांनी दुसरी रिक्षा बघून दिली. डमडमला उतरले तर फलाटावर हे उभे, हाताशी मुलगी. दुपारपासून प्रत्येक गाडी बघत होते. घोड्याकडे त्यांनी पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्या लाकडापायी तू मेली असतीस," एवढंच म्हणाले. घोडा मात्र त्यांनीच खांद्यावर घेतला.

मी त्यांच्यासमोर शब्द दिला, आता एकही वस्तू आणणार नाही. आणि पाळलाही. पण घरात माझा पाय ठरेना. डबे काढायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे. गॅलरीतून आत, आतून गॅलरीत. रात्री झोप नाही, जेवणात चव नाही. पूजेची सुट्टी जवळ आली तरी तेच. शेवटी मुलगीच वैतागून म्हणाली, "आई, तू एकदा एस्प्लनेडला जाऊन ये बाई. मी येते तुझ्याबरोबर."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "अंधार पडायच्या आत या," म्हणाले.

त्या दिवशी मुलीनं स्वतः निवडून एक टिनाची ट्राम घेतली. मला वाटलं, आता तिला गोडी लागेल. नाही लागली. माझी शोधाशोध चालू असताना ती शेजारी पुस्तक वाचत उभी राही. पण आली प्रत्येक वेळी.

पुढे नागपूरला बदली झाली तेव्हा संसाराच्या सामानापेक्षा खेळण्यांच्याच पेट्या जास्त भरल्या. गवत ह्यांनी आणलं, चिठ्ठ्या मुलीनं चिकटवल्या. आता तिच्या घरातल्या वरच्या तीन खोल्या माझ्याकडे आहेत. लोक बघायला येतात, वस्तुसंग्रहालयात द्या म्हणतात. मी हो म्हणते. मग ते गेले की पिशवी घेते आणि जुन्या बाजाराकडे निघते.