दारे का नेली

१९६५ सालच्या फेब्रुवारीतला तिसरा शनिवार. सिनेमा दाखवण्याचा खर्च चोवीस रुपये, भाड्याचा जनरेटर आणि तो आणणारी बैलगाडी धरून. कासार आंबोलीच्या शाळेत हजर माणसे एकतीस. त्यांत माझी पत्नी होती आणि धरणात गाव गेल्यावर इकडे येऊन राहिलेल्या शेजारच्या आजी.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा. दर रविवारी एसटीने पुण्याला युरोपीय सिनेमाच्या अभ्यासवर्गाला जात असे. एका इटालियन चित्रपटावर शिक्षकांनी प्रश्न घातला होता : लढाई जवळ आल्यावर गाव सोडणारी माणसे भांडी टाकून घराची दारे का नेतात? बाकीच्यांनी दार म्हणजे अब्रू, दार म्हणजे आशा, असे पानभर लिहिले. मला त्यातले काही पटेना, आणि दुसरे सुचेना. कागद कोरा दिला. आठ दिवसांची मुदत मिळाली. तेवढ्यात उत्तर आले नाही तर हे आपले काम नव्हे म्हणून वर्ग सोडायचा, असे मी पत्नीला सांगून टाकले होते.

चित्रपट पुन्हा पाहावा म्हणून रिळे आणि प्रोजेक्टर वर्गाकडून एका दिवसासाठी मागून आणला. भर दुपारी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. पडद्याशेजारी उभा राहून मी गोष्ट सांगत होतो. दारांचा प्रसंग आला. पडद्यावर एकेक दार दोघे मिळून चढावर नेत होते.

आजी म्हणाल्या, "बरं केलं. आमीबी दारंच न्हेली."

"म्हातारे, ती इटलीची माणसं हायेत," मागून एकजण.

"आसूदे की. दगडमाती कुटंबी मिळती, सागाचं दार कोण देतंय? आन् बघ तितं. चढाला खालच्यावर वजन येतंय, आन् खाली कोण हाय? बाई!"

बायका हसल्या. सर्वांत मोठ्याने माझी पत्नी.

मी ते तसेच लिहून नेले, कुणी सांगितले तेही लिहिले. शिक्षकांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "सैन्याने त्या भागातलं लाकूड जाळून संपवलं होतं. हे मी आधी सांगायला हवं होतं. आजींचं बरोबर आहे."

तिथेच पुढच्या सहामाहीची फी, रुपये बारा, शिक्षकांच्या हातात दिली.