छत शाबूत

रंगमंचावर मी चाळीस वर्षं राण्या रंगवल्या. पण दम कसा धरावा, ते शिकवलं राइट टाउन वस्तीत माझ्या घराच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शकुनं. मूळची मझौली गावची, वय पन्नाशीचं, आवाज असा की दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचू नये. ऑटिझम असलेल्या मुलांच्या मनातली धास्ती कमी करणं हे तिचं काम.

नऊ वर्षांची अंजनी तिच्याकडे यायची. शाळेची घंटा वाजली की छत कोसळणार, अशी त्या पोरीची खात्री. दोन महिने ती शाळेच्या फाटकातूनच परत फिरत होती. आणखी महिना असाच गेला तर वर्ष बुडणार होतं.

शकु तिला "भिऊ नको" असं एकदाही म्हणाली नाही. तिनं एक वही दिली. घंटेआधी भीती दहापैकी किती, नंतर किती आणि छताचं काय झालं, एवढंच लिहायचं. घंटा माझी, नाटक कंपनीतली, पितळी. आधी मी ती टॉवेलात गुंडाळून शेजारच्या खोलीत वाजवायची, मग उघडी, मग हळूहळू जवळ. अंजनी दर वेळी टॉर्च मारून चारही कोपरे तपासायची आणि लिहायची : छत शाबूत.

एके दिवशी माझ्यातली राणी जागी झाली. न सांगताच मी घंटा दणकावली. अंजनी थेट टेबलाखाली!

"काकू, काहून असं केलं?" शकु म्हणाली. "हे नाटक नव्हे. चला, आता सरावात दोन पायऱ्या मागे."

मी फरशीवर बसून माफी मागितली. टेबलाखालून उत्तर आलं, "आधी सांगायचं. मग वाजवायचं. तुम्हाला नियमच येत नाही."

"खरं आहे गं. आमचे दिग्दर्शकही हेच म्हणायचे."

तीन आठवड्यांनी आम्ही तिघी शाळेच्या व्हरांड्यात उभ्या होतो. अंजनीनं लिहिलं : आठ. घंटा घणघणली. तिनं कान झाकले, पण पाय जागचे हलले नाहीत. मग टॉर्च वर मारली आणि लिहिलं : पाच. छत शाबूत.

"आजी, तुम्ही काहून थरथरून राहिल्या? तुमची किती?"

"नऊ!"

"अच्छा, मग तपासा." टॉर्च माझ्या हाती देऊन ती वर्गात गेली.

शकु हसू दाबत होती. मी चारही कोपरे नीट पाहून घेतले.