आगिमची पांढरी टोपी

इस्पितळातून निरोप आला तेव्हा मी प्रबंधाची पानं टाइप करत होतो. आगिम गेला… न्यूमोनियानं, चार दिवसांत. हॅम्बर्गमध्ये त्याचं कुणीच नव्हतं, म्हणून निरोप शेजारच्या खोलीतल्या पुण्याच्या विद्यार्थ्याला, म्हणजे मला. पाच आठवडे झाले, अजून त्याच्या दारावरून जाताना पाय अडखळतात.

आगिम कोसोव्होचा. युगोस्लाव्हियातला चिमुकला प्रांत, माणसं बहुतेक अल्बेनियन. गोदीत ओझी वाहून आला की डोक्यावर जाड लोकरीची पांढरी टोपी चढवायचा, कॉफी करायचा आणि पहिला कप मला द्यायचा. दोन वर्षं शेजारी राहूनही त्याच्या लेखी मी पाहुणाच. माझी पदवी अजून लटकलेली, तरी हाक ‘डॉक्टर’! एकदा तो भावाविषयी बोलला. "सरकारी माणसांच्या भीतीनं त्यानं कागदावर ‘तुर्क’ लिहिलं, कारण तुर्क म्हणवणाऱ्यालाच देश सोडता यायचा, आणि तुर्कस्तानला गेला. आता त्याच्या मुलांना आमची भाषा कळत नाही. डॉक्टर, मी मेलो तर माझ्या कागदावर ‘अल्बेनियन’ लिहायचं. देतोस बेसा?"

बेसा म्हणजे दिलेला शब्द. त्यांच्यात तो मोडणाऱ्याचं कुणी तोंड बघत नाही. मी आपली मान डोलावली. "हो हो, बघू ना." आपल्याकडे हे आपण दिवसातून दहादा म्हणतो आणि विसरतो. त्यानं मात्र छातीवर हात ठेवला, डोळे पुसले आणि नव्यानं कॉफी चढवली.

मृत्यूची नोंद करायला मीच गेलो. "तो अल्बेनियन होता," मी म्हणालो. कारकुनानं मान वर केली नाही. "पासपोर्टात युगोस्लाव्ह आहे. गेनाऊ, अगदी तेच लिहायचं." भांडायला हवं होतं… पण त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, माझा राहण्याचा परवाना मुदतवाढीसाठी पडून होता. मी सही केली. भित्रा, दुसरं काय! एकाच शब्दाचं काम होतं, आणि आगिमनं ते माझ्यावर सोपवलं होतं.

टोपी माझ्या खुंटीवर आहे. द्यावी तर कुणाला? भावाचा पत्ता माहीत नाही. काल घरमालकीणबाई चादरी बदलायला आल्या, टोपीकडे बघत म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे ही त्या युगोस्लाव्ह माणसाची ना?"

आणि मी… मी मान डोलावली.